तत्त्वज्ञान कोणाच्या कामाचे? मराठीतील शतकभराच्या चर्चेचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

लोकमान्य टिळकांनी १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले. १९१५ साली ते छापून आले, तेव्हा त्यात शांकरभाष्याशी वाद होता आणि कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन यांच्या नीतिविचाराशी तुलनाही होती. ग्रंथ पंडिती थाटाचा, पण त्याचा वाचक मात्र संसारात आणि सार्वजनिक कामात गुंतलेला माणूस होता. अशा माणसाने कर्म का करावे, हे टिळकांना सांगायचे होते. तत्त्वज्ञानाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा चालू काळाच्या संस्कृतीशी संबंध काय, या प्रश्नावर मराठीत झालेल्या चर्चेला तेथून धार आली.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ही चर्चा चालू आहे. ती चालवणाऱ्यांत संस्कृत शास्त्री आहेत, इंग्रजी तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक आहेत, समाजक्रांतीचे नेते आहेत आणि साहित्यसमीक्षकही आहेत. प्रत्येकाची 'तत्त्वज्ञान' म्हणजे काय याची कल्पना वेगळी आणि 'उपयोग' म्हणजे काय याचीही वेगळी. या लेखात त्या चर्चेची पार्श्वभूमी, तिच्यातल्या मुख्य भूमिका, त्यांची परीक्षा झालेली काही क्षेत्रे आणि अजून न सुटलेले मुद्दे यांचा क्रमाने आढावा घेतला आहे. संस्कृती म्हणताना धर्माचरण, कायदा, साहित्य-कला आणि शिक्षण एवढी क्षेत्रे डोळ्यांसमोर आहेत.

पार्श्वभूमी : तीन उगम

मराठी मुलखात तत्त्वविचाराचे तीन स्रोत एकाच वेळी वाहत होते. पहिला पाठशाळांचा. न्याय, मीमांसा, वेदान्त यांचे अध्ययन संस्कृतात चाले आणि त्याची परीक्षा शास्त्रार्थात होई. दुसरा मराठीतल्या संप्रदायांचा. ज्ञानदेवांच्या 'अनुभवामृता'त अज्ञानखंडनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. महानुभावांनी आपले द्वैती दर्शन मराठीतच मांडले. म्हणजे मराठीत तत्त्वचर्चा करण्याची सवय इंग्रजी राजवटीच्या बरीच आधीची आहे.

तिसरा स्रोत १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा. मिल आणि स्पेन्सर वाचून बाहेर पडलेल्या पिढीने तत्त्वज्ञानाकडे समाज तपासण्याचे साधन म्हणून पाहिले. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, तो याच जातकुळीचा. विद्यापीठाच्या वर्तुळाबाहेर राहून जोतीराव फुले यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. निर्मिक, मानवी हक्क आणि स्त्री-पुरुष समता यांची त्यातली मांडणी हीसुद्धा एक तत्त्वमीमांसाच होती. मात्र विद्यापीठांनी तिला तसे मानायला फार उशीर केला.

या तिन्ही स्रोतांचा एकमेकांशी संबंध आला तो मुख्यतः भांडणातून. 'गीतारहस्या'वर शांकर परंपरेतल्या शास्त्र्यांनी आक्षेप घेतले. ज्ञानदेव मायावादी की चिद्विलासवादी, यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठा वाद झाला. पांडुरंगशर्मा यांनी ज्ञानदेवांना मायावादापासून वेगळे काढले, तर शं. दा. पेंडसे यांनी त्यांची नाळ शांकर अद्वैताशी जोडली. पुढे भा. पं. बहिरट यांनी स्फूर्तिवादाच्या अंगाने मांडणी केली. हा वाद केवळ ग्रंथांपुरता नव्हता. जग मिथ्या की चैतन्याचा विलास, याच्या उत्तरावर वारकऱ्याच्या संसाराचे मोल ठरत होते.

संस्थांचा काळ

विसाव्या शतकात या चर्चेला संस्थांचे बळ मिळाले. त्यांपैकी दोन गावांची नावे विशेष घ्यावी लागतात. पहिले अमळनेर. खानदेशातल्या या गावी श्रीमंत प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. कापसाच्या व्यापारपेठेत वेदान्ताच्या संशोधनाची संस्था निघावी, देशभरातून अभ्यासक तेथे राहायला यावेत आणि तेथून इंग्रजी त्रैमासिक निघावे, ही त्या काळीही नवलाची गोष्ट होती. घ. रा. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी मिळून लिहिलेला 'अज्ञान' हा १९३३चा ग्रंथ याच वातावरणातला. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी काही काळ या संस्थेचे संचालकपद सांभाळले. तरुण वयात साने गुरुजीही येथे अभ्यासाला होते.

दुसरे गाव वाई. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत विनोबांनी वेदान्ताचे अध्ययन केले आणि लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. मीमांसाकोश आणि धर्मकोश ही येथली प्रचंड कामे. १९४७ साली सुरू झालेले 'नवभारत' मासिक पुढे वाईहून निघू लागले, आणि शास्त्री, समाजवादी, मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी व प्राध्यापक एकाच अंकात भेटू लागले.

रा. द. रानडे यांनी 'उपनिषदांच्या तत्त्वज्ञानाचा विधायक आढावा' हा इंग्रजी ग्रंथ १९२६ मध्ये आणि महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरचा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे कुलगुरू झालेल्या या अभ्यासकाचे मन निंबाळ गावातल्या साधनेत होते. पुण्यात सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत आणि कीर्तनाला उभे राहत. अभ्यास आणि उपासना यांत फट नसलेली ही पिढी होती.

स्वातंत्र्यानंतर केंद्र पुण्याकडे सरकले. सुरेंद्र बारलिंगे यांच्या पुढाकाराने पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून १९७३ पासून इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. 'परामर्श' मराठीतून आणि हिंदीतूनही निघाले. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड १९७४ मध्ये पूर्ण झाले. पारिभाषिक संज्ञा, दर्शने, पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि भारतीय पंडित यांची एकत्रित नोंद असलेले ते काम आजही अभ्यासकाच्या हाताशी लागते. त्याच सुमारास लक्ष्मणशास्त्र्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे खंडही आकार घेत होते.

चार भूमिका

या सगळ्या लेखनातून तत्त्वज्ञान आणि आजची संस्कृती यांच्या नात्याबद्दल चार भूमिका वेगळ्या काढता येतात. त्यांच्या सीमा काटेकोर नाहीत आणि एकाच लेखकात दोन भूमिकाही सापडतात.

पहिली भूमिका परंपरेच्या पुनरर्थाची. दर्शनांत आणि संतवाङ्मयात माणसाच्या जगण्याचे कायमचे प्रश्न हाताळलेले आहेत. अभ्यासकाने ते आजच्या भाषेत उकलून दाखवावेत, असे ही भूमिका मानते. टिळक, रानडे, विनोबा हे तिचे वेगवेगळे प्रतिनिधी. आधुनिक जीवनाला साधने भरपूर मिळाली, साध्याचा विचार मात्र मागे पडला, असे त्यांचे सांगणे. या भूमिकेवरचा नेहमीचा आक्षेप असा की, अर्थ लावताना अडचणीचा भाग वगळला जातो आणि हवा तो आशय ग्रंथात सापडतो. त्यावर तिचे समर्थक उत्तर देतात, की प्रत्येक जिवंत परंपरा आपल्या ग्रंथांचा पुनःपुन्हा अर्थ लावूनच टिकते आणि शंकराचार्यांनीही तेच केले होते.

दुसरी भूमिका विवेकवादाची. तत्त्वज्ञानाचे काम श्रद्धांना आधार देण्याचे नसून त्या तपासण्याचे आहे, असे ती मानते. आगरकरांपासून निघालेला हा धागा लक्ष्मणशास्त्र्यांच्या 'हिंदुधर्माची समीक्षा'त वेगळ्या रूपाने दिसतो. शास्त्राच्या आतून तयार झालेला पंडित मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराच्या संपर्कात येऊन धर्मसंस्थेची चिकित्सा करतो, हे त्या ग्रंथाचे वैशिष्ट्य. त्यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून सुरू केलेल्या 'आजचा सुधारक'ने विवेकवादाची सर्वांत सुसूत्र मांडणी केली. ईश्वर, आत्मा, कर्मसिद्धान्त, नीतीचा पाया यांवर विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाच्या शिस्तीने, पण सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत लिहिता येते, हे त्या मासिकाने दाखवले. आक्षेप घेणारे म्हणतात की, या भूमिकेत धर्म हा केवळ विधानांचा संच ठरतो आणि उत्सव, भक्ती, समूहजीवन यांतला अर्थ निसटतो.

तिसरी भूमिका मुक्तीच्या तत्त्वज्ञानाची. एखाद्या विचाराची कसोटी ही, की तो समाजातल्या तळच्या माणसाला काय देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूईंचे विद्यार्थी होते. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरच्या त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात त्यांनी उपयुक्तता आणि न्याय या दोन कसोट्या लावल्या. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये त्यांनी परंपरेने चालत आलेल्या बुद्धचरित्रालाच प्रश्न विचारले: परिव्रज्येचे कारण खरे कोणते, चार आर्यसत्ये मूळ उपदेशाचा भाग आहेत का, अनात्मवाद आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा बसतो, भिक्खू कशासाठी. गोव्यातून निघून पाली वाङ्मयाचा ध्यास घेतलेल्या धर्मानंद कोसंबी यांच्या संशोधनाने मराठीत बुद्धविचाराची जमीन त्याआधीच तयार केली होती. पुढे शरद पाटील यांनी मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवादाची मांडणी करताना दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या प्रमाणशास्त्राकडे अब्राह्मणी ज्ञानपरंपरा म्हणून पाहिले. आ. ह. साळुंखे यांनी चार्वाकांना मराठी वाचकांपुढे नव्याने उभे केले. या भूमिकेवरचा आक्षेप पद्धतीबद्दलचा आहे: निष्कर्ष आधी ठरवून ग्रंथांची निवड होते, असा. तिचा प्रतिप्रश्न असा की, आजवरची 'तटस्थ' निवड तरी कोणी आणि कोणासाठी केली होती?

चौथी भूमिका शास्त्रीय अलिप्ततेची. तत्त्वज्ञान हे गणितासारखे स्वतःचे प्रश्न आणि स्वतःच्या पद्धती असलेले शास्त्र आहे. त्याच्याकडे उपयोगाची मागणी घेऊन जाऊ नये, असे ही भूमिका मानते. ज्ञान म्हणजे काय, अर्थ म्हणजे काय, अनुमान केव्हा प्रमाण ठरते, या प्रश्नांची उकल स्वतःच मोलाची. बारलिंगे यांचा भारतीय तर्कशास्त्रावरचा १९६५चा इंग्रजी ग्रंथ किंवा प्रदीप गोखले यांचा लोकायत म्हणजेच चार्वाक दर्शनावरचा २०१५चा ग्रंथ वाचताना या शिस्तीचे बळ लक्षात येते. गोखले चार्वाकांचा गौरव किंवा धिक्कार करत नाहीत. प्रत्यक्षाशिवाय दुसरे प्रमाण न मानणे तर्काने कितपत टिकते, आणि लोकायतांतच किती मतभेद होते, याची ते छाननी करतात. ही भूमिका संस्कृतीला प्रत्यक्ष काही देत नाही असे वाटते, पण बाकीच्या तिन्ही भूमिकांना लागणारी हत्यारे हीच पाजळून देते. तिच्यावरचा आक्षेप सोपा आहे: अशी शिस्त विभागाच्या भिंतींबाहेर पोचतच नाही.

सौंदर्यशास्त्र : जिथे गाठ पडली

तत्त्वज्ञान आणि संस्कृती यांची मराठीतली सर्वांत फलदायी गाठ पडली ती सौंदर्यशास्त्रात. बा. सी. मर्ढेकर कवी होते आणि नवकाव्याच्या वादळाच्या केंद्रस्थानी होते. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांच्या रचनेत असते आणि त्या रचनेचे नियम संवाद, विरोध व समतोल या लयींचे असतात, असा त्यांचा सिद्धान्त. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढची दोन दशके मराठी समीक्षक या सिद्धान्ताशी झटत राहिले. बारलिंग्यांनी 'सौंदर्याचे व्याकरण' लिहिले, प्रभाकर पाध्ये यांनी सौंदर्यानुभवाच्या बाजूने विचार केला.

रा. भा. पाटणकर यांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ मध्ये आली. कलेला लौकिक जीवनापासून वेगळे काढणारी अलौकिकतावादी दृष्टी आणि तिला जीवनाशी जोडणारी लौकिकतावादी दृष्टी, अशा दोन ध्रुवांमध्ये कलाव्यवहार फिरत राहतो, असे त्यांनी मांडले. कांटची चिकित्सा आणि विट्गेन्श्टाइनच्या धर्तीचे संकल्पनाविश्लेषण त्यांनी मराठी साहित्याच्या जिवंत प्रश्नावर वापरले. विद्यापीठीय तत्त्वज्ञानाने मराठी वाचकाच्या रुचीला हात घातल्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

वाद तेथे थांबला नाही. दलित साहित्याने 'सौंदर्य' हा निकषच पुरेसा आहे का, असे विचारले. शरद पाटील यांनी अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची आणि शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी केली. वेदनेतून आलेल्या लेखनाला आनंदाचे माप कसे लावायचे, हा त्यांचा प्रश्न. पाटणकरांचा लौकिकतावाद हा प्रश्न सामावून घेऊ शकतो, असे काहींना वाटते. चौकटच नवी हवी, असे इतरांना. या मुद्द्यावर एकमत झालेले नाही. पण दोन्ही बाजू एकाच प्रश्नावर बोलत आहेत, आणि ते याच क्षेत्रात जमले.

संवादाचा प्रयोग

पाठशाळा आणि विद्यापीठ यांच्यातली भिंत पाडण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न १९८३ साली पुण्यात झाला. तत्त्वज्ञ दया कृष्ण यांनी १९६०च्या दशकातच भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म, वेदप्रामाण्य आणि ठरावीक दर्शने हे समीकरण नाकारले होते. त्यांच्या आणि मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने नैयायिक व मीमांसक पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक एकत्र बसले. विषय निवडला तो रसेलच्या विधानविषयक सिद्धान्ताचा, आणि त्याची मांडणी पंडितांसाठी संस्कृतात केली गेली. पंडितांना मान देऊन माहिती विचारायची, एवढ्यावर हेतू थांबत नव्हता. समकालीन प्रश्नावर त्यांनी आपल्या शास्त्राच्या बळावर वाद करावा, अशी अपेक्षा होती. या चर्चांचा 'संवाद' हा ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला. याच उपक्रमातून पुढे पं. बदरीनाथ शुक्ल यांनी न्यायदर्शनाच्या चौकटीत देहालाच आत्मा मानता येईल का, याची तपासणी करणारा निबंध लिहिला. परंपरेच्या आत राहून किती मोकळा विचार करता येतो, याचा तो नमुना ठरला.

रेगे यांचे स्थान या साऱ्या चर्चेत मध्यभागी आहे. ते विश्लेषक होते, पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास त्यांनी मराठीत लिहिला, 'नवभारत' आणि नंतर विश्वकोशही सांभाळला. धर्मपरंपरेची नैतिक चिकित्सा आवश्यक आहे, पण ती परंपरेतले मूल्यवान आतून ओळखणाऱ्याने केली तर समाजात रुजते, असा त्यांचा कल. देशपांडे यांचा विवेकवाद मात्र अशी सवलत देत नाही. श्रद्धा पुराव्यावर टिकत नसेल तर तिचे सामाजिक फायदे हा वेगळा विषय ठरतो. दोघेही तर्काची शिस्त पाळणारे, तरी निष्कर्ष वेगळे. महाराष्ट्रातल्या धर्मचिकित्सेचा मुख्य पेच या मतभेदात नेमका पकडता येतो.

आजची परीक्षा : कायदा आणि शिक्षण

तत्त्वज्ञानाचे प्रश्न आता कायद्याच्या भाषेत समोर येतात. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अनेक वर्षे लावून धरलेला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. श्रद्धा कोठे संपते आणि अंधश्रद्धा कोठे सुरू होते, या प्रश्नावर विधेयकाच्या प्रवासात बराच खल झाला. अखेर कायद्याने अंधश्रद्धेची तात्त्विक व्याख्या केलीच नाही. कोणती कृत्ये गुन्हा ठरतील, याची अनुसूची दिली. काही अभ्यासकांच्या मते हा शहाणपणाचा मार्ग आहे, कारण कायद्याने कृती रोखावी, मत नव्हे. व्याख्या टाळल्याने मूळ प्रश्न तसाच राहिला, असे इतरांना वाटते.

मरणाच्या हक्काचा प्रश्नही असाच. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे कलम १९८०च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच म्हटले आणि १९९६ मध्ये ते फिरवले. २०११ मध्ये त्याने जीवनरक्षक उपचार थांबवण्यास मर्यादित मुभा दिली, आणि २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. दरम्यान, २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांच्या संथाऱ्याला, म्हणजे मरेपर्यंत अन्नत्यागाच्या व्रताला (सल्लेखनेला), गुन्हा मानले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. १९६६ साली सावरकरांनी आणि १९८२ साली विनोबांनी अन्नत्याग करून देह ठेवला, त्यामुळे महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. प्रायोपवेशन, सल्लेखना आणि आत्महत्या यांत शास्त्रांनी केलेला भेद, आणि त्याची पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातली नोंद, येथे थेट उपयोगी पडते. पण शास्त्रातला भेद हेतूवर आणि अधिकारावर उभा आहे, तर घटनेतला व्यक्तीच्या स्वायत्ततेवर. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम अजून पुरते झालेले नाही.

शिक्षणात चित्र संमिश्र आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानप्रणालीला अभ्यासक्रमात जागा मिळाली आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनीही तिला श्रेयांक दिले. समर्थकांच्या मते, भारतीय विद्यार्थ्याला प्लेटो ठाऊक आणि गौतमाचे न्यायसूत्र अपरिचित, हा विपर्यास यातून दूर होईल. टीकाकारांची भीती अशी की, पूर्वपक्ष आणि खंडन गाळून केवळ गौरव शिकवला जाईल, आणि बौद्ध, जैन, चार्वाक, संत व सत्यशोधक परंपरा कडेला राहतील. निकाल शेवटी वर्गात कोणते पाठ वाचले जातात यावर लागेल. न्यायसूत्रे किंवा 'अनुभवामृत' मुळातून वाचले तर वाद आपोआप आत येतो. सारांशाच्या पुस्तिकेत तो येत नाही.

अनिर्णित मुद्दे

पहिला मुद्दा भाषेचा. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी १९३०च्या आसपास विचारांतल्या स्वराज्याविषयी दिलेले व्याख्यान आजही चर्चेत असते. परक्या कल्पना तपासून न घेता स्वीकारणे हे न जाणवणारे पारतंत्र्य आहे आणि आपल्या भाषांत विचार केल्याशिवाय ते सुटत नाही, असा त्याचा आशय. मराठीत महाकोश आहे, विश्वकोश आहे आणि २०२४च्या ऑक्टोबरपासून अभिजात भाषेचा दर्जाही आहे. तरीही गेल्या अर्धशतकातले मराठी अभ्यासकांचे बरेच मूलगामी तत्त्वचिंतन इंग्रजीतच झाले. जगाशी बोलण्यासाठी ते आवश्यक आहे, असे एक मत. मराठी वाचकाशी नाते तुटले की विषय वाळतो, असे दुसरे. दोन्ही खरे असू शकतात, आणि अडचण नेमकी तीच आहे.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये भारतीय समाजशास्त्रांत सिद्धान्त मांडणारे उच्चवर्णीय आणि अनुभव पुरवणारे दलित, अशी विभागणी झाल्याचे दाखवून दिले. सुंदर सरुक्कई यांच्याबरोबर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा वाद पुढे गेला. ज्याने अपमान सोसला त्यालाच त्याचा सिद्धान्त मांडण्याचा नैतिक अधिकार आहे का? की सिद्धान्त एकदा मांडला की तो कोणीही तपासू शकतो? दोन्ही लेखकांनी एकमेकांची मते खोडून काढत हा वाद एकाच पुस्तकात ठेवला, हीच त्याची ताकद.

तिसरा मुद्दा परंपरेच्या व्याप्तीचा. भारतीय तत्त्वज्ञान म्हणताना षड्दर्शने आणि त्यांचे संस्कृत ग्रंथ धरायचे, की ज्ञानदेव, महानुभावांचे चक्रधर, तुकाराम, फुले, आंबेडकर यांनाही त्याच दर्जाने वाचायचे? तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमांत हे लेखक आता येऊ लागले आहेत, पण अनेकदा 'संतविचार' किंवा 'सामाजिक विचार' या वेगळ्या कप्प्यात. त्यांच्या युक्तिवादांची न्याय-मीमांसेच्या युक्तिवादांइतक्याच बारकाईने छाननी झाली, तरच हा प्रश्न सुटण्याच्या वाटेवर येईल.

चौथा मुद्दा मधल्या फळीचा. टिळकांचा ग्रंथ, 'नवभारत', 'आजचा सुधारक' किंवा पाटणकरांची मीमांसा यांचा परिणाम झाला, कारण पंडिताचे म्हणणे वाचकापर्यंत नेणारी आणि वाचकाची शंका पंडितापर्यंत पोचवणारी माणसे व अंक मधे होते. नियतकालिकांचा वाचक विखुरला आहे. 'आजचा सुधारक'ही आता छापील अंकाऐवजी संकेतस्थळावरून वाचला जातो. ध्वनिचित्रफितींतून तत्त्वज्ञान ऐकणारा श्रोता वाढला आहे, पण तेथे आक्षेप नोंदवून त्याचे उत्तर मिळवण्याची सोय फार थोडी. नवी माध्यमे ही जागा भरून काढतील की नुसती प्रवचने वाढवतील, हे आज सांगता येत नाही.

समारोप

चारही भूमिकांनी काही ना काही कमावले आहे. पुनरर्थवाद्यांनी ग्रंथ जिवंत ठेवले, विवेकवाद्यांनी पुराव्याची सवय लावली, मुक्तिवाद्यांनी कसोटीच बदलली आणि शास्त्रीय अभ्यासकांनी युक्तिवादाची धार राखली. कोणतीही एक भूमिका बाकीच्यांना पुसून टाकू शकलेली नाही. शतकभराच्या नोंदीवरून इतके मात्र म्हणता येते: काव्य, धर्माचरण, कायदा किंवा जात यांच्यावर पेटलेल्या खऱ्या वादात पंडिती शिस्त उतरली, तेव्हा तत्त्वज्ञान मराठी समाजाच्या कामाला आले. शिस्त एकटी राहिली तेव्हा ती विभागात अडकली, आणि वाद एकटा राहिला तेव्हा तो घोषणांत विरला. पुढच्या अभ्यासकाने करायचे काम त्यातूनच ठरते: मूळ ग्रंथांची प्रतिपक्षासह मराठी भाषांतरे, त्यांवर कडक परीक्षणे, आणि आक्षेपाला उत्तर देणे बंधनकारक मानणारे एखादे व्यासपीठ. महाकोश होऊन पन्नास वर्षे उलटली. त्याच्या सुधारित आवृत्तीपासून सुरुवात करायला हरकत नाही.